घाण्याच्या घरचा नातू

बदनापूर,
ता. १८ जानेवारी १९३८

आप्पा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. समोर असते तर वाकले असते आणि तुम्ही पाय मागे ओढून घेतले असते, म्हणून पत्रातच बरं.

घाण्यावरच्या रामकिसनदादाने आणून दिलेले तिळाचे लाडू संक्रांतीला वेळेवर पोचले. कचरूची ही पहिली संक्रांत, म्हणून सासूबाईंनी त्याला बोरन्हाण घातलं. स्टेशनाच्या चाळीतली सगळी पोरं जमली होती. काळं झबलं घालून त्याला पाटावर बसवलं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले. तो आधी दचकला, मग एक बोर उचलून चोखत बसला. तुमच्या नातवाला दात दोनच आहेत, पण ऐट बत्तीशी असल्याची.

मग सासूबाईंनी आजोळचा म्हणून तुमच्या लाडवाचा कण त्याच्या तोंडात घातला, आणि थोड्याच वेळात सगळं बिघडलं. त्याचे ओठ सुजले, अंगभर लाल गांधी उठल्या, डोळे मिटले आणि श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "दिष्ट लागली पोराला. एवढ्या बाया जमल्या व्हत्या." त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सिग्नलचं काम दुसऱ्यावर सोपवून हे धावत आले. कचरूला उलटी झाली आणि मग हळूहळू सगळं उतरलं. संध्याकाळी तो दूध प्यायला.

मी मात्र त्याला अजून खाली ठेवलेलं नाही. माझा थोरला भोकरदनच्या वाटेवर बैलगाडीतच दगावला, तेव्हापासून माझी छाती लहान झाली आहे. म्हणून तर याचं नाव कचरू ठेवलं, की कचरा समजून काळाने ढुंकून बघू नये. आणि म्हणूनच या बाळंतपणाला मला तुमच्याकडे पाठवलं नाही. तो आठ महिन्यांचा झाला आणि तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, हे मला रोज टोचतं.

छातीला काय लावावं ते आईला विचारून कळवा. शिमगा झाला की आम्ही येतोच.

तुमची नंदा

भोकरदन,
पौष वद्य ११, शके १८५९

नंदे,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे काय लिहायचे. तुझं पत्र मी घाण्यावर बसून वाचलं आणि बैल कधी उभा राहिला ते मला कळलं नाही. आपला बैल मालकापेक्षा हुशार आहे. मालकाचं लक्ष नसलं की त्याला झापडातूनही दिसतं.

तुझी आई म्हणते दृष्ट. मी म्हणतो थंडी. स्टेशनावर वारा उघडा, त्यात तुम्ही लेकराला पाटावर बसवून त्याच्यावर बोरांचा मारा केलात. त्याला काय हवं आहे ते मला बरोबर ठाऊक आहे.

सोबत तेलाची बरणी पाठवतो. पांढरे तीळ तुझ्या आईने दाणादाणा बघून निवडले. घाणा स्वच्छ करून पहिलं तेल काढलं आणि ते बाजाराला दाखवलंसुद्धा नाही. कोमट करून छातीला, पाठीला आणि टाळूला जिरव. दोन थेंब नाकात सोड. तू याच तेलावर वाढलीस. घाण्याशेजारी पेंडीच्या भुकटीत बोटाने मी तुला अक्षरं गिरवायला लावली, म्हणून आज मला पत्र लिहून माझीच काळजी वाढवतेस.

पाळणा माळ्यावरून उतरवून ठेवला आहे. तुझी आई दिसेल त्याला सांगते, की माझा नातू येणार आहे. ऐकणारे आता तिला बघून गल्ली बदलतात. मी तिला हसतो, पण काल मीच फकरोद्दीन शिंप्याकडे कुंची शिवायला टाकून आलो.

शिमग्याची वाट बघतो.

आप्पा

बदनापूर,
ता. २० फेब्रुवारी १९३८

आप्पा,

तेल पोचलं. फार चांगलं आहे, रंग तर सोन्यासारखा. मी ते देवापुढच्या दिव्याला लावते.

कचरू आता बरा आहे. शिमग्याला येणं मात्र जमेल असं दिसत नाही. यांना सुट्टी नाही आणि सासूबाईंचे गुडघे धरले आहेत. आईला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. पुढे बघू.

नंदा

भोकरदन,
फाल्गुन शुद्ध ५, शके १८५९

नंदे,

बाळाच्या अंगाला लावायला दिलेलं तेल तू दिव्याला लावतेस, हे मी तीनदा वाचलं. देव आमच्यावर खूश असेल. आम्हाला नातू खूश व्हायला हवा होता.

जावईबापूंना सुट्टी नाही हे खरं असेल. सिग्नल त्यांनी पाडला नाही तर निजामाच्या गाड्या उभ्या राहतील. पण तुला कोणी धरून ठेवलं आहे? तुझं पत्र एवढंसं, आणि त्यात तू कुठेच नाहीस. मी काही शिकलेला नाही, पण माझ्या लेकीचं अक्षर कधी चोरट्यासारखं चालतं ते मला कळतं.

मला जे वाटतं ते लिहून टाकतो. तुमच्या चाळीत रेल्वेची माणसं, साबणाने अंघोळ करणारी. तेल्याच्या घरचा वास तिथे खपत नसेल. जावई धर्मराज आपल्याच जातीचा असला तरी त्याने घाणा सोडून पगार धरला. त्याला सासुरवाडीची लाज वाटत असेल तर सरळ कळव. मी रागावणार नाही. रागावलो तरी तुला इथून दिसणार नाही.

तुझी आई म्हणते, "त्यांना येनं जमत न्हाई, तर मंग आपणच जाऊ. आपले पाय काय कुणी बांधलेत का?" तेव्हा शिमगा झाला की आम्ही दोघं येतो. तुमच्या चाळीत बसायला जागा नसली तर गाडीखाली बसू. नातवाला मांडीवर घेतल्याशिवाय परत फिरणार नाही.

आप्पा

बदनापूर,
ता. २ एप्रिल १९३८

आप्पा,

तुम्ही पाणीसुद्धा न पिता गाडी जुंपलीत आणि गेलात. आई मागे वळून बघत होती, तुम्ही नाही. तेव्हा मला सांगता आलं नाही. आता सगळं लिहिते. पूर्ण वाचा, मध्येच फाडू नका.

तुम्ही गाडीतून उतरलात ते थेट कचरूकडे गेलात. त्याला उचललं, गालावरून हात फिरवला, मुका घेतला. तो तुमच्या मिशा ओढून हसत होता. मला तेव्हाच ओरडायचं होतं, पण तुमचा चेहरा बघून जीभ उचलली नाही. तुमच्या बोटांच्या खुणा त्याच्या गालावर लाल उमटायला लागल्या, डोळे सुजून बंद झाले आणि ती शिट्टी पुन्हा सुरू झाली. मग मी त्याला तुमच्या हातातून हिसकावलं. तुम्ही म्हणालात, "आमी काय परके हाव का?" मी त्याला घेऊन नळाकडे पळाले. तुम्हाला वाटलं, तुमच्या हाताची मला किळस आली.

आप्पा, त्याला तीळ चालत नाही.

तुमचं तेल मी आलं त्याच दिवशी लावलं होतं. जिथे चोळलं तिथे कातडी भाजल्यासारखी झाली, आणि नाकात थेंब सोडल्यावर तर त्याचा श्वास कोंडून ओठ निळे पडले. मी धावत शेजारच्या अकबरबीकडे गेले. तिने त्याला उभं धरलं, पाण्याने पुसून काढलं. नंतर म्हणाली, "नंदाबाई, ही नजर-बिजर न्हाई. माझ्या भावाला अंड्यानं बिलकुल अस्संच व्हायचं. काय खाल्लं, काय लावलं, सोच करून बघ." मी विचार केला. संक्रांतीला लाडवाचा कण, नंतर तेल. मग मी माझ्या ताटातूनही तीळ काढले, तिळाचं तेल सोडलं, कारण तो अजून माझं दूध पितो. जन्मापासून त्याच्या कोपरांत जे चट्टे होते ते महिनाभरात गेले.

तुम्हाला तेव्हाच लिहायला हवं होतं. पण आईने दाणादाणा निवडलेल्या तिळाला मी कसं नाव ठेवू, म्हणून दिव्याची गोष्ट लिहिली. शिमग्याला यायचं टाळलं तेही यासाठीच. आपल्या घरात घाणा, भिंती तेलकट, पाळणा तेलकट, वाऱ्यालासुद्धा तेल. यांचा यात काही दोष नाही. तुम्ही गेल्यावर हे दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्याला घेऊन मला भोकरदनला येता येणार नाही, आप्पा. कधी येता येईल ते मला माहीत नाही.

नंदा

भोकरदन,
चैत्र शुद्ध १०, शके १८६०

सौ. नंदा हीस,

पत्र पोचलं. आपल्या घरात तेल विकलं जातं, विष नाही. या गावात प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत माझं तेल जातं. त्यातलं एक लेकरू मला दाखव ज्याला बाधलं. नेमकं माझ्याच नातवाला ते बाधावं, एवढं देवाचं माझ्याशी काय वाकडं आहे?

शेजारणीच्या सांगण्यावरून बापाचा हात दूर केलास. ठीक आहे. सुखात राहा.

 तुझी आई पाळण्यापाशी बसली आहे.

रखमाजी

बदनापूर,
ता. ३ ऑगस्ट १९३८

आप्पा,

चैत्रापासून तुमचं पत्र नाही. त्या पत्राखाली तुम्ही आप्पा न लिहिता रखमाजी लिहिलंत, ते मी अजून गिळलेलं नाही.

परवा पंचमी झाली. चाळीतल्या सगळ्या बाया माहेरी गेल्या. सकाळच्या गाडीने एकेक जात होती आणि मी दारात उभी राहून कोणाची पिशवी, कोणाचं पोर गाडीत चढवत होते. सासूबाई म्हणाल्या, "जा की तूबी. पोराला मी सांभाळते." पण तो रात्रंदिवस मला चिकटलेला. त्याला टाकून येता येत नाही आणि घेऊन येता येत नाही. अकबरबीने निंबाला दोर टाकून दिला. मी एकटीच झोका घेतला, दोन हिंदोळ्यांत उतरले. झोका द्यायला कोणी नसलं की त्यात काही राम नाही.

माझ्या पेटीत तळाशी एक जुनं लुगडं होतं. लग्नाआधीचं, घाण्याच्या खोलीत वापरलेलं. फार आठवण आली की मी पेटी उघडून त्यात तोंड खुपसायची. आता कचरू रांगत येऊन तेच करायला लागला, म्हणून मी ते ऊन पाण्यात सोडा घालून धुतलं. दोनदा धुतलं. माहेरचं एवढंच माझ्याजवळ होतं. धुताना मी रडले, आणि हे आले तेव्हा साबण डोळ्यात गेला म्हणून सांगितलं.

तेलाला मी विष म्हटलं नव्हतं. तो शब्द तुमचा. त्याला चालत नाही, एवढंच मी म्हटलं. तो आता चालतो. चार पावलं टाकतो आणि कोणी पाहिलं का ते बघतो. तुम्ही पाहिलं नाही.

नंदा

भोकरदन,
आश्विन शुद्ध ६, शके १८६०

नंदे,

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. लुगड्यापाशी आल्यावर मला पुढे वाचता आलं नाही.  दुसऱ्या दिवशी ती वाढता वाढता बोलली.

"तुमच्या कडूबाला वांगं चालत न्हवतं. खाल्लं का तोंड सुजायचं. मंग आपण वांग्याला इख म्हणलो का? त्याचं ताट बाजूला वाढत व्हतो अन् गप जेवत व्हतो."

कडूबा माझा सख्खा भाऊ. जन्मभर त्याला वांग्याशिवाय वाढलं आणि नातवाच्या बाबतीत मला ते सुचलं नाही.  तुझी आई बोलत नाही ते एका अर्थी बरंच आहे. बोलली की मला उत्तर सापडत नाही.

मग मी हात धुवायला लागलो. रिठ्याने धुतले, राखेने घासले, केळणा नदीच्या वाळूत खरडून काढले. फकरोद्दीनच्या नाकाखाली धरले. तो म्हणाला, "रखमाजी, हात तोडून फेकले तरी वास राहील. चाळीस साल का तेल है." आम्ही दोघंही हसलो. मग घरी येऊन मी एकटा बसलो.

घाणा बंद करावा असंही मनात आलं. पण घाण्यावर राबणाऱ्या रामकिसनची पोरं त्याच्यावर जेवतात, आणि मला दुसरं काही येत नाही. तुला उगाच मोठेपणाच्या गोष्टी लिहिणार नाही. महिनाभर नुसती करडई गाळून पाहिली. पण लाकडाने इतके तीळ प्यायले आहेत की करडईच्या तेलालाही तिळाचा वास येतो.

तेव्हा मी असं ठरवलं आहे. नवं धोतर, नवा सदरा आणि आईचं नवं लुगडं फकरोद्दीनच्या दुकानातच ठेवायचं. घरात आणायचंच नाही. निघायच्या आधी काही दिवस घाण्याकडे जायचं नाही. नदीवर अंघोळ करून तिथेच कपडे बदलायचे आणि इनायतच्या टांग्यात बसायचं, आपल्या गाडीत नाही. स्टेशनाला तारेचं कुंपण आहे, त्याच्या बाहेर आम्ही उभे राहू. तू त्याला आतून दाखव.

मला हात लावायचा नाही. बघायचं आहे. तो चालतो म्हणालीस, ते बघायचं आहे.

तू हो म्हणालीस तर येईन.

आप्पा

बदनापूर,
ता. ११ ऑक्टोबर १९३८

आप्पा,

या.

कुंपणापाशी पाण्याच्या टाकीची सावली असते, तिथे उभे राहा. आईला सांगा, डोक्याला तेल लावू नकोस, आणि येताना खाऊ काही नको. तिचे हात रिकामे राहणार नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून तिला म्हणावं लाकडाचं खेळणं आण, दुकानातून थेट.

यांनी तुमच्यासाठी कुंपणाबाहेर बाकडं टाकायचं ठरवलं आहे. स्टेशनमास्तर काही म्हणाले तर सासरे आहेत म्हणून सांगेन, असं म्हणतात. त्यांना तुमची लाज वाटत नाही, आप्पा. तुम्ही रागावून गेलात याचीच त्यांना भीती वाटते.

मी दिवसभर वाट बघते. त्यात नवीन काही नाही.

नंदा

भोकरदन,
मार्गशीर्ष शुद्ध १०, शके १८६१

नंदे,

परवा तू पुन्हा पुन्हा विचारलंस, काय झालं, आप्पा काय झालं, आणि मी टांग्यात जाऊन बसलो. आई तापाने घरी होती, तिलाही आल्यावर सांगता आलं नाही. म्हणून लिहितो.

वर्ष झालं मी कुंपणाबाहेरच्या बाकड्यावर येऊन बसतो. कचरूला वाटतं, आजा म्हणजे तारेपलीकडचा माणूस. गाडी येते, सिग्नल पडतो, तसा आजा येतो आणि जातो. मला त्यात काही कमी वाटत नव्हतं. म्हणजे वाटत होतं, पण सवय झाली होती.

परवा तू चहा ठेवायला आत गेलीस. जावईबापू कामावर निघाले आणि फाटक नीट लागलं नाही. मी बाकड्यावरून उठून धोतर झटकत होतो. एवढ्यात मागून कोणीतरी धावत आलं आणि माझ्या दोन्ही पायांना घट्ट मिठी बसली.

नंदे, मी दोन्ही हात वर केले. विचार करून केले नाहीत. आपोआप गेले. पोलिसाने बंदूक रोखलेल्या चोरासारखा मी उभा राहिलो. मागे सरावं तर तो पडेल, वाकावं तर हात लागेल. खाली त्याचं डोकं होतं. त्याच्या टाळूला दोन भोवरे आहेत हे मला माहीत नव्हतं. कुंपणापलीकडून ते दिसत नाहीत.

त्याने मान वर करून विचारलं, "आजा, हात वर कामून केले?"

मी म्हटलं, "पाखरं हाकलून राह्यलो बाबा."

तो म्हणाला, "पाखरं कुठं हायत?" आणि पुन्हा तोंड गुडघ्यात घातलं. मग तू धावत आलीस आणि त्याला घेऊन गेलीस. बरोबर केलंस.  गुडघ्यापाशी धोतर ओलं होतं, त्याच्या लाळेने. टांगा राजूरच्या पुढे येऊन ते वाळेपर्यंत मी त्या डागाकडेच बघत होतो.

आता मला खरं कळव. त्याला काही झालं का? माझी समजूत काढायला लिहू नकोस. धोतर नवं होतं, अंघोळ नदीवर केली होती, घाण्याला आठवडाभर शिवलो नव्हतो. काही झालं नसेल तर एकच विचारायचं आहे. पुढच्या खेपेला मी हात खाली घेऊ का?

आप्पा

बदनापूर,
ता. २८ डिसेंबर १९३९

आप्पा,

पत्र येऊन चार दिवस झाले. पहिल्या दिवशी मी "काही झालं नाही" असं लिहून ठेवलं होतं. तो कागद चुलीत घातला.

तुमच्या गुडघ्याला जो गाल टेकला होता, त्याच्यावर गांधी उठल्या. मोठ्या नव्हत्या. श्वास नीट होता. दिवेलागणीपर्यंत उतरल्या आणि तो भाकरी खाऊन झोपला. पण उठल्या, आप्पा. नुसत्या धोतराने उठल्या.

तेव्हा हात खाली घेऊ नका. तुम्ही खरं मागितलंत. तो मोठा झाल्यावर काय होईल मला माहीत नाही. अकबरबीच्या भावाचं कधी गेलं नाही. कडूकाकांचंही गेलं नव्हतं.

पण तुम्ही या. पूर्वीसारखेच या, उलट लवकर या. फाटकाला यांनी नवी कडी बसवली आहे. मीच सांगितलं बसवा म्हणून, आणि मग घरात येऊन रडले.

तुम्ही गेल्यापासून कचरू रोज टाकीच्या सावलीत जाऊन उभा राहतो. तुमच्या बाकड्याकडे तोंड करून दोन्ही हात वर करतो आणि तसाच थांबतो. काल सासूबाईंनी विचारलं, "काय करून राह्यलास रे तिथं?"

तो म्हणाला, "आजाला भेटून राह्यलो."

त्याला वाटतं, आजाला असंच भेटायचं असतं. मी त्याचे हात खाली केले नाहीत.

तुमची नंदा